दायरा-ए-हिंदी

२७ किंवा २८ मेला नाशिकमध्ये दुपारी बरोबर २ वाजून ४८ मिनिटांनी गच्चीवर एक काठी उभी करावी, ओळंबा लावून सरळ केलेली. तिची सावली जिकडे पडेल त्याच्या नेमक्या उलट दिशेला मक्का आहे. त्या क्षणी सूर्य काबागृहाच्या अगदी डोक्यावर असतो. तिथल्या घड्याळात १२ वाजून १८ मिनिटे झालेली असतात आणि वस्तूंच्या सावल्या त्यांच्या पायाशी विरलेल्या असतात. हा योग वर्षातून दोनदा येतो. दुसरा १५-१६ जुलैला, आपल्या २ वाजून ५७ मिनिटांनी. पण जुलैत नाशिकचे आभाळ भरलेले असते, तेव्हा भिस्त मेवरच.

ही युक्ती मोबाइलच्या जमान्यातली नाही. नसीरुद्दीन तूसी या इराणी ज्योतिर्विदाने १२६१ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘तज़किरा’ या ग्रंथात ती आहे. सूर्य मिथुनेच्या आठव्या आणि कर्केच्या तेविसाव्या अंशाशी येतो तेव्हा मक्केत माध्यान्ही सावली नसते, म्हणून त्या दिवशी दोन गावांच्या वेळांतला फरक ठाऊक असेल तर किब्ला, म्हणजे नमाजासाठी मक्केकडची दिशा, सावलीवरूनच काढता येतो, असे तो सांगतो. पुढे हाच ग्रंथ आपल्याला दख्खनमध्ये भेटणार आहे, म्हणून नाव लक्षात ठेवावे.

खगोलशास्त्र आणि इस्लामी अध्यात्म यांच्यातली साम्ये सांगणारे संदेश हल्ली पुष्कळ फिरतात. काबागृहाभोवतीचा तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, घड्याळाच्या उलट दिशेने, ग्रहही सूर्याभोवती तसेच फिरतात, दीर्घिकाही तशाच, वगैरे. ऐकायला छान वाटते. अडचण एवढीच, की ग्रह उलट दिशेने फिरतात हे सूर्यमालेकडे उत्तरेकडून पाहिले तर. दक्षिणेकडून पाहणाऱ्याला तीच फेरी सुलट दिसते. दीर्घिकांना तर अशी ठरलेली दिशाच नाही. असल्या साम्यांनी श्रद्धेला बळ मिळत नाही आणि शास्त्राचीही शोभा होत नाही. या दोहोंमधले खरे नाते शोधायचे तर आकाशात फार वर पाहावे लागत नाही. जमिनीवर पडलेल्या सावलीत ते आहे, आणि त्या सावलीचे मूळ भारतात आहे.

कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी पूर्व दिशा कशी काढायची ते दिले आहे. जमीन सपाट करा. तिच्यावर शंकू म्हणजे सरळ खुंटी रोवा. शंकूएवढ्या लांबीच्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते, ती आखूड होत होत तिचे टोक जिथे वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण करा. दुपार कलल्यावर सावली वाढत जाऊन पुन्हा जिथे वर्तुळाला शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. होकायंत्र लागत नाही, ध्रुवतारा लागत नाही, घड्याळ तर नाहीच. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते, ही रेषा खरीखुरी पूर्व दाखवते. सूर्य दिवसभरात थोडा उत्तर-दक्षिण सरकतो, त्यामुळे किंचित चूक राहते. पण अयनाच्या दिवसांच्या आसपास तीही नगण्य होते, आणि पुढच्या ज्योतिषांनी तिची दुरुस्तीही बसवून दिली.

सूर्यसिद्धान्तात यावर अख्खा अध्याय आहे, त्रिप्रश्नाधिकार नावाचा. दिशा, स्थळ आणि काळ हे ते तीन प्रश्न. तिन्हींची उत्तरे बारा अंगुळांच्या एका शंकूच्या सावलीतून. मराठी पंचांग चाळणाऱ्यांना ‘पलभा’ हा शब्द परिचित असेल. विषुवदिनी माध्यान्ही बारा अंगुळी शंकूची जी सावली पडते ती त्या गावाची पलभा. नाशिकचा अक्षांश जवळजवळ बरोबर वीस, म्हणून नाशिकची पलभा ४ अंगुळे २२ व्यंगुळे (व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा साठावा भाग). डिसेंबरच्या अयनदिनी हीच दुपारची सावली सव्वाअकरा अंगुळांच्या पुढे जाते, जवळपास काठीएवढी होते. २० मेच्या सुमारास ती पूर्ण नाहीशी होते. मग २३ जुलैच्या सुमारास पुन्हा शून्य होईपर्यंत दोन महिने नाशिककरांची दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

सातशे सत्तरच्या दशकात सिंधमधून एक शिष्टमंडळ बगदादला खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी गेले. त्यात एक भारतीय ज्योतिषी होता आणि त्याच्यापाशी ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतला सिद्धान्तग्रंथ. त्याच्या आधाराने अल-फजारीने अरबीत ‘सिंदहिंद’ नावाचे कोष्टक रचले. बगदाद तेव्हा नुकतेच वसत होते. त्या ग्रंथाबरोबर ज्या (साइन), क्रांती, सावली यांची गणिते गेली. अरबी ज्योतिषग्रंथांत शंकू आणि वर्तुळाच्या या रीतीला ‘अद-दाइरा अल-हिंदिया’ म्हणतात, म्हणजे भारतीय वर्तुळ. फारसीत तेच ‘दायरा-ए-हिंदी’. नाव न लपवता उसने घेतलेले आहे, आणि ते हजार वर्षांहून जास्त काळ तसेच टिकले.

मुसलमानांना या रीतीची गरज वेदी बांधणाऱ्यांपेक्षा कमी नव्हती, कदाचित जास्तच होती. पाच नमाजांच्या वेळा सूर्यावर ठरतात. फजर पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत. मगरिब सूर्यास्तानंतर. ईशा संधिप्रकाश मावळल्यावर. मधल्या दोन, जोहर आणि असर, सावलीवर. सूर्य माथ्यावरून ढळून सावली वाढू लागली की जोहर. आणि असर? दुपारची उरलेली सावली वगळून सावली वस्तूएवढी झाली की असर लागली, असे शाफई पंथ मानतो. मालिकी आणि हंबलीही. इमाम अबू हनीफांच्या मते ती वस्तूच्या दुप्पट व्हायला हवी.

हा वाद नाशिक जिल्ह्याच्या दारातला आहे. जुन्या नाशकात कोकणीपुरा आहे. कोकणी मुसलमान शाफई, त्यांचे पूर्वज अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरून घाट चढून आलेले. मालेगावचे मोमीन विणकर हनफी, १८५७ नंतर उत्तरेकडून माग घेऊन आलेले. विषुवदिनी बारा अंगुळांची काठी रोवली तर शाफई असर सावली १६ अंगुळे २२ व्यंगुळे झाल्यावर लागते, हनफी असर २८ अंगुळे २२ व्यंगुळे झाल्यावर. घड्याळात हा फरक जवळजवळ तासाभराचा. दोन मशिदींतली अजान तासाच्या अंतराने ऐकू आली तर त्यात कुणाची घाई वा आळस नसतो. त्यामागे एकाच सावलीची दोन मापे असतात.

यातला एक बारकावा मला सर्वांत मोलाचा वाटतो. इस्लामी उपासना सूर्याने मोजलेली, तरी सूर्याच्या ठळक क्षणांपासून ती मुद्दाम दूर ठेवलेली आहे. ऐन उगवतीला, ऐन माध्यान्ही आणि ऐन मावळतीला नमाज वर्ज्य. सूर्यपूजेशी गल्लत नको, हे कारण सांगितले जाते. रामकुंडावर पहाटे उगवत्या सूर्याला अर्घ्य देणारा माणूस ज्या क्षणाची वाट पाहतो, त्या क्षणी शेजारच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत फजर आटोपलेली असावी लागते. संध्येत तो क्षण पूज्य, नमाजात तो निषिद्ध. पण पकडायचा असो की टाळायचा असो, तो क्षण नेमका कधी ते दोघांनाही कळायला हवे. म्हणून ज्योतिषी दोघांनाही लागला.

अल-बिरूनीने (९७३ ते सुमारे १०४८) सावल्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यात शंकूच्या, दिशा काढण्याच्या, नमाजाच्या वेळांच्या झाडून साऱ्या रीती आहेत आणि भारतीय वर्तुळही आहे. त्यातला एक किस्सा मजेदार आहे. अजान देणाऱ्या एका मुअज्जिनाला नमाजाची वेळ दाखवणारे यंत्र देऊ केले, तर त्यावर रोमी महिने कोरलेले पाहून त्या धार्मिक गृहस्थाने ते नाकारले. काफिरांचे अनुकरण नको म्हणाला. त्यावर त्याला ऐकवले गेले, की रोमी लोक जेवतात आणि बाजारात हिंडतात, तर तेवढ्या दोन बाबतींतही त्यांचे अनुकरण करू नकोस. बिरूनी कोणत्या बाजूचा होता हे सांगायला नकोच. धर्माच्या कामाला परधर्मीयांचे यंत्र चालते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता आणि उत्तर हजार वर्षांपूर्वीच देऊन झाले होते.

तेराव्या शतकापासून कैरो, दमास्कस इथल्या मोठ्या मशिदींत ‘मुवक्कित’ नावाचा पगारी ज्योतिषी असे. वेळ काढणे एवढेच त्याचे काम. दमास्कसच्या उमय्या मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर (१३०४ ते १३७५) याने नमाजासाठी छायायंत्र बसवले, आणि चंद्राच्या गतीचे असे प्रतिमान रचले की कोपर्निकसचे प्रतिमान गणिताने तेच निघते. उपासनेच्या खात्यावर पगार घेणारा माणूस हे करत होता.

आता किब्ला. वेळेपेक्षा हे अवघड, कारण इथे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो. नाशिक वीस अंशांवर, मक्का सुमारे एकवीस अंश पंचवीस कलांवर. सपाट नकाशावर रेघ ओढली तर मक्का नाशिकच्या जवळजवळ सरळ पश्चिमेला, जेमतेम अडीच अंश उत्तरेकडे झुकून. पण गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग वाकतो. नाशिकहून तो पश्चिमेच्या साडेआठ-नऊ अंश उत्तरेकडून निघतो. साडेतीन हजार किलोमीटरच्या अंतरावर हा फरक लहान नाही. गोलीय त्रिकोणमिती मुसलमान ज्योतिषांनी इतकी पुढे नेली, त्यामागे हा प्रश्न मोठा होता. बिरूनीने तर गझनीचा किब्ला काढण्यासाठी भूगणिताचा आणखी एक ग्रंथ लिहिला. सामान्य भक्ताला मात्र शास्त्रकारांनी सवलत ठेवली: दिशेचा रोख पुरे, अंशाचा हट्ट नको. दख्खनमधल्या पुष्कळ जुन्या मशिदी साधारण पश्चिमेकडे तोंड करून उभ्या आहेत ते याच सवलतीवर. आणि पश्चिम काढायची रीत कोणती, तर शंकूची. यज्ञवेदीसाठी ज्या रेषेचे पूर्वेचे टोक हवे होते, मेहराबीसाठी तिचेच पश्चिमेचे टोक कामाला आले. वर्तुळ फिरून घरी आले ते असे.

दख्खनमध्ये ते नुसत्या गवंड्यांच्या हाती राहिले नाही. फिरोजशहा बहमनी (कारकीर्द १३९७ ते १४२२) हा विद्येचा वेडा सुलतान. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की शनिवार, सोमवार आणि बुधवार असे आठवड्यातले तीन दिवस तो स्वतः शिकवत असे, आणि पाठांमध्ये युक्लिडची भूमिती होती आणि तूसीच्या ‘तज़किरा’वरची टीका होती. म्हणजे मक्केच्या माथ्यावरच्या सूर्याची गोष्ट चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सांध्यावर गुलबर्ग्याच्या दरबारात वाचली जात असणार. १४०७ मध्ये त्याने दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायला काढली. हकीम हसन गिलानी आणि सय्यद मुहम्मद काझरूनी यांच्याकडे काम सोपवले. गिलानी मरण पावला आणि काम अर्धवट राहिले. उलुगबेगाची समरकंदची वेधशाळा यानंतरची, १४२० च्या दशकातली. ही पुरी झाली असती तर मराठी मुलखाच्या ज्योतिषाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरतो, अपुऱ्या इमारतींवर इतिहासाचे मजले चढवू नयेत.

याच सुलतानाच्या राज्यात १४०० च्या सुमारास दिल्लीहून सूफी संत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज आले. लहानपणाची काही वर्षे त्यांनी दौलताबादेतच काढलेली, वडिलांची कबर खुलताबादला. सुलतानाने आदराने स्वागत केले, पण पुढे दोघांचे जमले नाही. फिरिश्ता म्हणतो, सुलतानाला ते बाह्य विद्यांत कमी वाटले. वारसाच्या प्रश्नावरून दुरावा वाढला: सुलतानाला मुलासाठी आशीर्वाद हवा होता, ख्वाजांचा कौल भावाकडे, अहमदकडे, होता. १४२२ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने दोघेही गेले. वेधशाळेचा मागमूस राहिला नाही, ख्वाजांच्या दर्ग्यात आजही रीघ असते.

यातून ‘विज्ञान हरले, भक्ती जिंकली’ असा निष्कर्ष कुणी काढील, तर तो घाईचा. सूफींनी ज्योतिष टाकले नव्हते, त्यातल्या कल्पना त्यांनी आत वळवल्या होत्या. ज्याच्याभोवती आकाश फिरते त्या ध्रुवबिंदूला अरबीत कुत्ब म्हणतात; सूफींच्या अदृश्य श्रेणीत सर्वांत वरच्या पुरुषालाही तेच नाव, आणि त्याच्याखाली चार दिशांचे चार ‘अवताद’, म्हणजे खुंट्या. सावलीचेही तसेच. कुराणाच्या पंचविसाव्या सूरेत ईश्वराने सावली पसरली आणि सूर्याला तिचा वाटाड्या केले, या अर्थाची आयत आहे. इब्न अरबीने (११६५ ते १२४०) यूसुफच्या नावाने लिहिलेल्या प्रकरणात सारे जगच परमसत्याची सावली मानले: सावलीला स्वतःचे अस्तित्व नाही, तरी ती खोटी नाही, आणि तिच्यावरून ती टाकणाऱ्याचा माग लागतो. शंकूवाल्या ज्योतिषाला हे वाक्य परके वाटणार नाही. तोही दिवसभर सावलीकडे पाहतो ते सूर्य कुठे आहे हे कळावे म्हणूनच. मला जे साम्य मान्य आहे ते इतपत, आणि तेही काठी रोवून झाल्यावर.

देवाणघेवाण एकतर्फी राहिली नाही. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाच्या काळात महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये अस्तरलाब या मुसलमानी वेधयंत्रावर संस्कृतात ‘यंत्रराज’ लिहिला. गोदावरीकाठच्या गोलग्रामातल्या ज्योतिषी घराण्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला. त्यात समरकंदी परंपरेचे ज्योतिष मोकळेपणाने आले आहे. त्र्यंबकला उगम पावून नाशिकवरून जाणाऱ्या नदीकाठचेच हे घराणे. व्यवहारात तर याहूनही गमतीदार मिश्रण होते. मराठी कागदांतला शुहूर सन १३४४ मध्ये सुरू झाला. त्याचे आकडे अरबी, पण वर्ष पालटते ते सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा. शिवराज्याभिषेकाचे १६७४ हे साल त्या मोजणीत खमस सबैन व अलफ, म्हणजे १०७५. हिजरी आकडा आणि पेरणीचे नक्षत्र एकत्र बांधून आपल्या पाटील-कुलकर्ण्यांनी शतकानुशतके वसुली केली, आणि कुणालाही त्यात विसंगती दिसली नाही.

मुघल अमदानीत गुलशनाबाद नाव असलेल्या या शहरात आज शंकू कुणी रोवत नाही. मशिदीच्या भिंतीवर ‘दायमी’ तक्ता असतो, वर्षानुवर्षे चालणारा, इंग्रजी तारखांवर मांडलेला; शेजारी लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक घड्याळ. पण त्या तक्त्यातले जोहर आणि असरचे आकडे सावलीच्या गणितातूनच आलेले आहेत. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि नाशिक पावणेचौऱ्याहत्तरच्या आसपास, म्हणून इथे खरी माध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. तीही जागची हलते: नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांपर्यंत अलीकडे, फेब्रुवारीच्या मध्यात १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत पलीकडे. मुंबईचा तक्ता नाशकात टांगला तर साडेतीन मिनिटांची चूक होईल. रोजा सोडताना ती चूक चालत नाही.

आणि आता २ ऑगस्ट २०२७ कडे पाहा. गुरू सिंह राशीत गेला की नाशिकला सिंहस्थ भरतो. जाहीर कार्यक्रमाप्रमाणे पहिले अमृतस्नान त्या दिवशी, आषाढातल्या सोमवती अमावास्येला, आहे. त्याच अमावास्येला खग्रास सूर्यग्रहण आहे, आणि चंद्राची सावली मक्केवरून जाणार आहे. आपल्या घड्याळात दुपारचे पावणेचार वाजून गेलेले असतील, तेव्हा काबागृहाच्या अंगणात सुमारे पाच मिनिटे काळोख होईल. पश्चिम भारतातून खंडग्रास दिसेल. प्रेषितांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा, ६३२ च्या जानेवारीत, सूर्यग्रहण झाले होते आणि लोक म्हणू लागले की आकाशही शोक करते आहे. प्रेषितांनी ते तिथल्या तिथे थांबवले: सूर्यचंद्रांना कुणाच्या जन्ममृत्यूसाठी ग्रहण लागत नाही, ग्रहण दिसले तर नमाज पढा. ती नमाज, सलात-उल-कुसूफ, आजही आहे आणि ग्रहण सुटेपर्यंतच तिची मुदत. नाशिकमध्ये ऑगस्टच्या त्या दुपारी आभाळ झाकलेले असले तर ग्रहण लागले हे गणिताला कळेल, डोळ्यांना नाही. अशा वेळी गणितावर विसंबून नमाज पढायची की नाही, यावर उलेमांमध्ये दोन मते आहेत.